नदीकडचं दार

आप्पासोंच्या आजोबांना गाव येडा म्हणायचं. कुरुंदवाडच्या घाटावर, पायऱ्यांना खेटून, कुणी घर बांधतं का? पण त्या काळी गूळ-तंबाखू नावेतनं यायचा आणि गडी पक्का होता. खाली दगडी वखार, वर राहायची माडी. वखारीला दोनच दारं, एक नदीकडं, एक गल्लीकडं, अगदी समोरासमोर. का? तर पूर आला की माल माडीवर न्यायचा आणि दोन्ही दारं सताड उघडी टाकायची. नदी एका दारातनं आत, दुसऱ्यातनं बाहेर. दोन्ही अंगाला पाणी सारखं, मग भिंतीवर जोर येतोय कुठला? पाणी उतरलं की गाळ ओढायचा आणि धंद्याला लागायचं. असं ते घर शंभर वर्षं ताठ उभं होतं.

आप्पासोंना हे तोंडपाठ. पण पोराला, अनेकांतला, कधी सांगितलं? छे! वखारीत शेवटचं पाणी शिरलं तेव्हा अनेकांत पाळण्यात होता. पुढं त्यानं जुनी दारं काढून दोन्हीकडं लोखंडी शटरं बसवली, खताचं दुकान थाटलं. तेव्हाही आप्पासो म्हणाले, सांगू की सवडीनं. सवड कसली मिळतेय! दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोकं तेवढं शाबूत राहिलं, आणि तेच वाईट झालं.

त्याच पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगा फुगल्या. घाटाच्या पायऱ्या बुडाल्या तसा अनेकांत कामाला लागला. एवढी खताची पोती माडीवर कोण चढवणार? त्यानं नदीकडचं शटर खाली ओढलं आणि केरबा हमालाला वाळूची पोती रचायला लावलं.

खुर्चीत बसलेल्या आप्पासोंचा जीव वरखाली होऊ लागला. त्यांनी डावा हात शटरकडं करून जोरजोरात हलवला. उघडा! अरे, उघडा ते!

"मामंजींना गुदमरतंय वाटतं," म्हणत सून दीपानं खुर्ची पंख्याखाली सरकवली.

आप्पासोंनी पुन्हा हात केला. आता डोळ्यांतनं पाणीही येत होतं.

"आण्णा, घाबरू नगा," अनेकांत म्हणाला. "थेंबसुदिक आत येऊ देत न्हाय. केरबा, तिकडं दाखवाल्यात बघ. कोपऱ्यात अजून चार पोती टाक."

केरबानं चार सोडून सहा टाकली. मग फटीत सिमेंट भरलं. मन लावून काम करणारा माणूस, त्याला काय बोलणार? आणि बोलणार तरी कशानं!

आप्पासोंना उचलून गल्लीत उभ्या केलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवलं. मागनं गल्लीकडचं शटरही खाली आलं. त्यांनी डाव्या हातानं अनेकांतचा शर्ट धरला, घशातनं घरघर काढली, मूठ सोडेचनात. पोरानं एकेक बोट हळूच सोडवलं आणि तो हात स्वतःच्या छातीशी धरला.

गावातल्या उंचावरच्या शाळेत त्यांचा मुक्काम पडला. तिसऱ्या दिवशी केरबा चिंब भिजून आला आणि दारातच उभा राहिला.

"मालक, नदीकडली भिंत आत ढकलली गेली. वरची माडी त्याच्यावरच बसली. काय बी ऱ्हायलं न्हाय."

अनेकांत बापाच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा रडला. "आण्णा, तुमी सारखं दाराकडं हात करत होता. मला कळत होतं की! पोतीच कमी पडली."

आप्पासोंनी मान हलवायचा जीव तोडून प्रयत्न केला. ती नुसती एका अंगाला कलली. अनेकांतनं ती सरळ केली, धोतराच्या सोग्यानं त्यांचे डोळे पुसले.

"असं हाय खाऊ नगा," तो म्हणाला. "पुन्ना तिथंच बांधतो. आणि ह्या खेपेला नदीकडं दारच ठेवत न्हाय बघा."