खालच्या गल्लीतली पुराची रेघ

नबीलाल पेंटरने आयुष्यात हजारो रेघा ओढल्या असतील. दुकानांच्या पाट्या, ट्रॉलीवरची नावं, निवडणुकीतली चिन्हं, गावात जे काही रंगवलेलं दिसेल ते त्याच्याच हातचं. पण त्याचा खरा जीव होता तो खालच्या गल्लीत, अंगणवाडीच्या भिंतीवर ओढलेल्या दोन रेघांवर. एक २०१९च्या पुराची, तांबडी. दुसरी २०२१ची, निळी, चार बोटं खाली. भोगावतीचं पाणी ओसरलं की भिंतीवर गाळाचा पट्टा राहायचा आणि तो वाळून गळून पडायच्या आत गल्ली नबीलालला हाका मारायची. दोन माणसांनी दोन टोकांना दोरी धरायची, बाकीच्यांनी "जरा वर घे", "आरं, खाली हाय" असा कालवा करायचा, आणि नबीलालने शिडीवर चढून रेघ ओढून खाली तारीख घालायची. तांबडी रेघ अंगणवाडीच्या दाराच्या चौकटीवर आणखी हातभर होती.

घरं धुऊन निघालेल्या माणसांनी असल्या रेघेचं कौतुक करावं हे विचित्रच. पण गल्ली करायची. आल्यागेल्याला हात धरून नेऊन दाखवायची. हे कौतुक टिकलं ते सम्राटला स्थळं यायला लागेपर्यंत.

सम्राट हा आक्काचा धाकटा मुलगा. कारखान्यात नोकरी, कसलं व्यसन नाही, दिसायला चारचौघांत उठून दिसेल असा. तरी चार स्थळं आली आणि चारही चहा पिऊन गेली ती गेलीच. आक्काचं घर अंगणवाडीच्या बरोबर समोर. पाहुणे गाडीतून उतरले की पहिली नजर भिंतीवर जायची. मुलीचा बाप रेघेकडे बघायचा, मग मनातल्या मनात आपल्या मुलीची उंची मोजायचा, आणि घरी गेल्यावर पत्रिका जुळत नाही म्हणून निरोप धाडायचा. लग्नाची अशी सात पोरं त्या गल्लीत होती.

अशातच पंचायतीने पर्यावरणाच्या स्पर्धेत भाग घेतला. गावाने हवामानबदलाचा आराखडा करायचा होता आणि त्याला गुण मिळणार होते. झाडांना गुण, ओल्या कचऱ्याला गुण, सौरदिव्यांना गुण, आणि जनजागृतीच्या रंगवलेल्या भिंतींनाही गुण. आराखडा कशाशी खातात हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. भिंत मात्र रंगवता येते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सरपंच विजयसिंहांनी नबीलालला बोलावून अकरा भिंती सांगितल्या. अंगणवाडी त्यात पहिली.

"सरपंच, तिथं पुराच्या रेघा हायत की," नबीलाल म्हणाला.

"मग? बुडालेलं गाव दाखवून नंबर येतोय व्हय?"

नबीलाल तिथून थेट आक्काकडे गेला. त्याला वाटलं, गल्ली आडवी पडेल, सरपंचाला चार शब्द सुनावेल. आक्का ज्वारी निवडत होती. तिने मानही वर केली नाही.

"पूस बाबा, पूस. चांगला मोर काढ त्यावर."

"आक्का, खूण हाय ती."

"आम्हाला कशाला पायजे खूण? आम्हाला काय म्हाईत न्हाय व्हय पाणी कुठं येतंय ते?"

आजूबाजूच्या दारांत उभ्या असलेल्या बायकांनी होकाराच्या माना हलवल्या. नबीलालचं घरही अंगणवाडीला लागूनच, त्याची बायको जरीनासुद्धा त्यांच्यात होती. शिफा त्यांची एकुलती एक लेक, आणि जावई घरीच राहायला येणारा बघायचा, असं जरीनाच्या मनात होतं; रेघ बघून तो कशाला येतोय? मग एकटा नबीलाल काय बोलणार? आणि खरं सांगायचं तर बारा फुटांची कोरी भिंत बघून त्याच्या हातालाही खाज सुटलीच होती. त्याने दोन हात पांढरा दिला. तांबडी रेघ पहिल्या हातातून डोकावत राहिली, दुसऱ्या हातात गेली. त्यावर आंबा, मोर, हसरा सूर्य आणि 'झाडे लावा, धरणी वाचवा'. लोक थांबून बघायचे. इतकं सुंदर चित्र त्याने आधी कधी काढलं नव्हतं.

अकरातली एकच भिंत राहिली, वरच्या रस्त्यावरच्या दूध संस्थेची. संस्था विरोधी गटाची. चेअरमन गणपतराव दारातच आडवे झाले. "आमच्या भिंतीला सरपंचाचा बुरूश लागायचा न्हाय," म्हणाले. तिथली पुराची गुडघाभर उंचीची रेघ तशीच मळकी राहिली.

गावाचा तालुक्यात तिसरा नंबर आला. वैशाखात सम्राटचं लग्न झालं. मुलगी गडहिंग्लजकडची, क्रांती नावाची. गल्ली हलगी लावून नाचली, नबीलालही नाचला.

महिनाभराने ग्रामसेविका स्नेहल मॅडम एका तरुण इंजिनिअरला घेऊन गल्लीत आल्या. त्यांच्या हातात आराखड्याचा दुसरा भाग होता. पहिल्या भागात झाडं आणि दिवे होते, दुसऱ्यात पुरापासून माणसं वाचवायची होती. नदीकाठची घरं वरच्या गायरानावर हलवायची होती. हे ऐकून गल्ली घरांतून बाहेर आली. गायरानावर जागा मिळावी म्हणून पंधरा वर्षं अर्ज करकरून लोकांचे हात दुखले होते.

"फक्त एक आहे," स्नेहल मॅडम म्हणाल्या. "पंचनाम्यात सगळ्यांच्याच घरांपुढं 'पाणी शिरले' एवढंच आहे. किती शिरलं ते नाही. म्हणून जिथं जुन्या पुराची पक्की खूण असेल, तीच घरं यादीत घ्यायची असं वरून आलंय. नबीभाई, तुमची रेघ दाखवा यांना."

नबीलालने मोराकडे बोट दाखवलं.

लोकांनी मोबाइल काढले. फोटो होते, पण सगळे नावेतून काढलेले, पाणी आणि पाण्यावर फक्त पत्रे. कुठली भिंत आणि किती फूट, त्यातून काही कळेना. मग नबीलाल घरात जाऊन शिडी आणि रंग खरवडायची पत्ती घेऊन आला. "खाली हाय ती," तो म्हणाला. "म्या स्वता झाकलीया, म्याच काढतो." त्याने मोराच्या मानेवर पत्ती लावली. दोनदा पुरात भिजलेली भिंत ती. गिलावा आतून भुसभुशीत झालेला. मोर निघाला, पांढरा निघाला, आणि त्यांच्यासकट रेघ आणि गिलाव्याचा थर खाली पडला. मागे विटा दिसल्या. त्याने वीतभर पलीकडे पुन्हा पत्ती लावली. तिथेही विटाच.

त्याने खाली उतरून गिलाव्याचे तुकडे चाचपले. एका तुकड्यावर करंगळीएवढा तांबडा डाग होता. तो त्याने इंजिनिअरपुढे धरला.

"काका, तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही," इंजिनिअर म्हणाला. तो खरंच ओशाळला होता. "पण हा तुकडा भिंतीवर कुठं होता, ते मी कसं लिहू?"

ग्रामसभेत यादी वाचली गेली. दूध संस्थेजवळची अकरा घरं, जिथे पाणी गुडघ्याच्या वर कधी गेलं नव्हतं, ती गायरानावर जाणार. खालच्या गल्लीतल्या बत्तीस घरांचं नाव नव्हतं. नबीलाल उभा राहिला, सगळं कसं झालं ते सांगितलं. सरपंच म्हणाले, आराखड्याची फेरतपासणी पाच वर्षांनी आहे, तेव्हा घालू. स्नेहल मॅडमनी मान खाली घालून ठराव लिहिला. दुसऱ्या दिवशी सरपंचांचा निरोप आला, अंगणवाडीची भिंत विद्रूप दिसतेय, गिलावा करून मोर पुन्हा काढ. नबीलालने काढला. मोर बरा निघाला नाही.

जुलैत पाच दिवस पाऊस थांबला नाही. सहाव्या दिवशी दुपारी राधानगरी धरणाचे दोन दरवाजे उघडल्याची बातमी आली. नबीलाल आणि जरीना सामान बांधत होते, तेव्हा समोरून क्रांती आली. तिला नुकतेच दिवस गेले होते. सम्राट पाळीवर अडकला होता, आक्का घरात पेट्या आवरत होती.

"चाचा, ह्यांनी सांगितलंय, पाणी उंबऱ्यापतोर येतंय म्हणून. म्या गहू माळ्यावर चढवलाय, गादीबी. जमंल न्हवं?"

नबीलालने आक्काच्या दाराकडे पाहिलं. आक्का दारात आली होती. ती तशीच आत वळली.

त्याने कोपऱ्यातली धुणं वाळत घालायची काठी घेतली, अंगणवाडीपाशी गेला आणि काठीचं टोक दाराच्या चौकटीच्या हातभर वर, मोराच्या मानेपाशी टेकवलं. क्रांतीला आधी कळेना. मग तिने तिथून आपल्या घराकडे पाहिलं. माळा कितीतरी खाली होता.

"लगीन ठरवताना हे कुणी सांगितलं न्हाय," ती म्हणाली.

"हितं रेघ होती, पोरी. म्याच पुसली."

ती रडली असती, ओरडली असती, तर नबीलालला बरं वाटलं असतं. ती फक्त पोटावर हात ठेवून उभी राहिली.

"मग जायाचं कुठं?"

"शाळंत. दर टायमाला शाळंतच जातो आपण."

"दर टायमाला?"

नबीलालने काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि तिच्या घरातला गहू खाली काढायला गेला.