कपावरचा शब्द

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. टास्मानियातल्या एका डोंगराळ गावात, लाकूड तोडण्याच्या शर्यतीच्या चांदीच्या कपावर मला कोरलंय: मॅग्नॅनिमस.

माझं आजोळ लॅटिन. तिथे ‘मॅग्नस’ म्हणजे मोठा आणि ‘ॲनिमस’ म्हणजे मन. दोघांची जोडी जमली आणि मी जन्मलो. तुमचा ‘महा’ तर मॅग्नसचा लांबचा भाऊ! पुढे मी इंग्रजीत नांदलो, बोटीतून इथवर आलो. एका पाद्रीबाबांनी हौसेने मला या कपावर कोरून घेतलं. ते गेले आणि माझा अर्थही त्यांच्याबरोबर गेला. गावाला वाटलं, मी म्हणजे पहिला नंबर! दर वर्षी मला घासूनपुसून लखलखीत करत. कोण, कुठला, विचारत मात्र कुणी नसे. मी आपला खट्टू.

सलग सात वर्षं मी नोरीन पास्कोच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर राहिलो. आठव्यांदा जिंकली की कप कायमचा तिचा, असा गावाचा नियम.

यंदा अंतिम फेरीत तिच्यासमोर होती सोळा वर्षांची मेरिन. सराव करताना तिची कुऱ्हाड लाकडातल्या गाठीवर बसली आणि धारेचा टवका उडाला. दुसरी कुऱ्हाड नव्हतीच. पोर रडवेली झाली.

इथे शर्यतीची कुऱ्हाड कुणी नवऱ्यालाही देत नाही. नोरीनने आपली सर्वांत लाडकी कुऱ्हाड मेरिनच्या हातात ठेवली आणि स्वतः जुनी उचलली.

“अहो, ही तर तुमची जिंकायची कुऱ्हाड!”

“घे गं. रडक्या पोरीला हरवून मी काय मिरवू? आणि पाय सांभाळ, दोनच आहेत तुला!”

पंचाने आकडे मोजायला सुरुवात केली. नवखी म्हणून मेरिनने ‘तीन’ म्हणताच घाव घालायला सुरुवात केली, तरबेज म्हणून नोरीनला ‘नऊ’पर्यंत थांबावं लागलं. ढलप्या उडाल्या, गाव ओरडून ओरडून घोगरं झालं. मेरिन अवघ्या एका घावाच्या फरकाने जिंकली!

कप घेताना तिने पंचाला, शाळेतल्या निवृत्त मास्तरांना, विचारलं, “सर, हे काय लिहिलंय?”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं!

मास्तरांनी चष्मा पुसला. वाचलं. पुन्हा वाचलं. “मोठ्या मनाचा! अरे देवा, आपण इतकी वर्षं भलत्यालाच देत आलो की!”

“भलत्याला? सात वेळा मी नेलाय, मास्तर!” नोरीन गरजली. मैदान खो खो हसलं.

मेरिनने कप तिच्या कुशीत दिला. “हो, पण आज तो खरा तुमचा झाला.”

डोळ्यांत ढलपी गेली, असं नोरीन सगळ्यांना सांगत होती.

मित्रांनो, शब्दांना नुसतं घासूनपुसून ठेवू नका. थांबून त्यांना विचारा, तू कोण? आणि मग एकदा तसं वागून बघा. आम्हाला दुसरं काय हवं असतं?