आघाडीचं ताट

इलिनॉयच्या त्या भागात कापणीचा एक कायदा होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची टाप नव्हती: जो शेतात सगळ्यांच्या पुढे, जेवणाचं पहिलं ताट त्याचं. वीस वर्षं केझाया थ्रॉल ते ताट शेतात नेत होती आणि वीस वर्षं ते म्हातारा एनॉक पार्डीच खात होता. त्याच्या लांब दांड्याच्या विळ्यापुढे जाईल असा गडी जन्मला नव्हता.

यंदा केझायाचा नवरा हयात नव्हता, आणि तरणे गडी रेल्वेचे रूळ टाकायला पांगलेले. उरली एनॉक धरून तीन म्हातारी माणसं आणि तीस एकर पिकलेला गहू. मृत्युपत्राने कारभार दिराच्या, अ‍ॅसाच्या हाती गेला होता. त्याने बजावलं, "शनिवारी सूर्य मावळायच्या आत गहू आडवा झाला नाही, वहिनी, तर जमीन मी कसणार. तुम्ही मायलेकी आमच्याकडे राहा, चुलीला मदत होईल."

चुलीला मदत! केझायाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याची बग्गी विकून तिने शिकागोहून घोड्यांचं कापणी यंत्र आणलं.

गुरुवारी पहाटेच ती शेतात उतरली. एका घोड्यावर लेक लव्हिना, यंत्रावर कापलेला गहू खाली लोटायला दाताळं घेऊन ती. वीस पावलांवर पात्यात काड्यांचा लगदा अडकला. उपसला, पुन्हा अडकला. बांधावर जमलेल्या शेजाऱ्यांत हशा पिकला.

"वहिनी, घोड्यांना तरी घरी पाठवा, बिचारी लाजलीत!" अ‍ॅसा ओरडला.

केझाया खाली उतरली. लगदा ओढताना हात चिंब भिजले आणि तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं. दव! पहाटेची ओली काडी विळ्याला मऊ जाते, म्हणून कापणी पहाटे, आजा-पणजांपासून हेच. यंत्राला कोरडी काडी हवी.

"लव्हे, घोडे सोड. कॉफी पिऊ."

"आई, लोक हसतायत!"

"हसू देत. आपण यंत्राला माणसाच्या वेळेला उठवलं, चूक आपली."

दहाला ऊन कडक झालं आणि मायलेकी पुन्हा निघाल्या. यंत्र खडखडत सुटलं ते थांबेना. गव्हाची रांगच्या रांग आडवी पडू लागली. दुपारपर्यंत म्हाताऱ्यांनी विळे बांधाला टेकवले आणि मागे पेंढ्या बांधायला लागले. गुरुवारी, शुक्रवारी पहिलं ताट मात्र सवयीने एनॉककडेच गेलं. तोही खाली मान घालून जेवला.

शनिवारी शेवटची पट्टी पडली तेव्हा सूर्य हातभर वर होता. अ‍ॅसा पेंढ्यांत उभा राहून आडवा गहू पाहत होता.

केझाया धुळीने माखलेली, आनंदाने हसत होती. घरातून कुणीतरी जेवण आणलं. तिने पहिलं ताट उचललं आणि एनॉककडे निघाली.

म्हाताऱ्याने ते तिच्या हातातून काढून घेतलं. थोडा घेवडा सांडला.

"बैस, पोरी," तो म्हणाला. "आज पुढे कोण होतं?"

त्याने ताट तिच्या मांडीवर ठेवलं. केझाया तिथेच यंत्रावर बसली आणि लेकीला शेजारी ओढून पोटभर जेवली.