तोंडातली तार, कानातल्या रिंगा

डॉक्टरीणबाईंनी धाकटीचे हात दिव्याखाली धरले. पेरापेरांवर भेगा, अंगठ्याची कातडी सोलवटलेली. तपासणीसाठी पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या त्यांनी नुकत्याच काढल्या होत्या. निकेलच्या पट्टीखाली कातडी लालभडक होऊन फोड आले होते.

हा धातू कात्रीत, चिमट्यांत, किल्ल्यांत, सगळीकडे असतो, त्या म्हणाल्या. कात्री सोडावी लागेल. हातमोजे धाकटीने घालून पाहिले होते. घामाने हात आणखीच पेटले होते.

दोघी बहिणी मिळून केस कापायचं दुकान चालवत. कात्र्या त्याच, काम तेच, पण थोरलीच्या हातावर साधा ओरखडा नव्हता. मला कसं काही होत नाही, तिने न राहवून विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी लहानपणचं खोदून विचारलं, तेव्हा निघालं ते एवढंच. थोरलीचे दात पुढे होते म्हणून आईने तिच्या दातांना तार बसवून घेतली. मलाही काहीतरी हवं, म्हणून धाकटी रुसली. तिची समजूत काढायला आईने तिचे कान टोचून आणले आणि चकचकीत, स्वस्तातल्या रिंगा घातल्या. कान चिघळले, तरी तिने रिंगा काढू दिल्या नाहीत. थोरलीने कान टोचून घेतले ते पुष्कळ वर्षांनी.

"तारेत आणि रिंगांत धातू एकच, निकेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तोंडावाटे आधी आला, तर शरीर बहुधा त्याला घरचा मानतं. कातडीवाटे आला, तर वैरी समजतं, आणि ते वैर विसरत नाही. सगळ्यांचंच असं होत नाही. तुमचं झालेलं दिसतंय."

दुकानाचं कुलूप काढताना थोरली म्हणाली, "माझ्या दातांपायी झालं हे."

"तुझे दात काय मला चावायला आले होते, ताई?"

दोघी हसल्या, पण ते हसू आत शिरेपर्यंतही टिकलं नाही.

थोड्या वेळाने निवृत्त शिक्षिकाबाई आल्या. त्या कायम धाकटीकडूनच केस कापून घेत. धाकटीने त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, केस ओले केले, भांग पाडला. मग थोरली कात्री घेऊन पुढे झाली.

"आज तू नाही का कापणार?" बाईंनी आरशातून विचारलं.

"आता ताईच कापेल. ताई, डाव्या बाजूला भोवरा आहे, तिथे जरा जपून."

किती कापायचे ते दाखवायला तिने एक बट दोन बोटांत ताठ धरली. थोरलीने बोटांच्या कडेने कात्री चालवली. बट खाली पडली, तरी धाकटीची बोटं थोडा वेळ तशीच मिटलेली राहिली.