जो जिथे झोपतो

दोनशे चारमधला चार एकाच स्क्रूवर लटकत होता, बेल दाबली की आत प्लास्टिकची चिमणी ओरडायची आणि तो आकडा किंचित हलायचा, आणि हे तिला आता पाठ झालं होतं, कारण या दारापुढे ती आज तिसऱ्यांदा उभी होती. पहिल्या वेळी वासंती आंटी आंघोळीला गेल्या होत्या, दुसऱ्या वेळी पुण्याला फोनवर होत्या... असो, क्रिस्टीनाला घाई नव्हती. गेल्या वर्षीची क्रिस्टीना लिफ्टमध्ये कुणी आहे असं दिसलं की कचऱ्याची पिशवी घेऊन जिन्याने उतरायची. आणि या वर्षीची? चौदा दारं, चौदा बेल, मराठीत, हिंदीत, इंग्लिशमध्ये, ‘मी तीनशे दोनमधली क्रिस्टीना, माझा जिऑग्रफीचा प्रोजेक्ट आहे’, आणि आवाज कुठेही थरथरला नाही! आखातातल्या वादी कबीर भागातल्या या पिवळ्या इमारतीत आता मला ओळखत नाही असं एकही माणूस नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. फक्त फाइलच्या अगदी तळाशी, सगळ्या फॉर्म्सच्या खाली, एक कागद होता, आज सकाळी दात घासता घासता वाचलेला, आणि त्यानंतर तिने तो वर येऊ दिला नव्हता.

ऋचा मॅमनी अकरावीतल्या प्रत्येकाला अमेरिकेतलं एकेक छोटं गाव वाटून दिलं होतं. माझ्या वाट्याला बेल्टन क्रीक आलं. लोकसंख्या अठराशे सेहेचाळीस. बंद पडलेला मांस पॅक करायचा कारखाना, एक वृद्धाश्रम, आणि आता गावातल्या जास्तीत जास्त नोकऱ्या त्या वृद्धाश्रमातच. शंभरातली बहात्तर घरं राहणाऱ्यांच्या स्वतःच्या मालकीची, त्यातली बरीच रिकामी. पोरं अठराची झाली की निघून जातात. आता तुमच्या राहत्या इमारतीचा असाच सर्व्हे करा आणि तुलना मांडा, असं मॅमनी सांगितलं होतं, आणि उद्या, रविवारी (इथे शाळेचा आठवडा रविवारीच सुरू होतो), पहिल्याच तासाला ती मांडायची होती. घरात माणसं किती, वयं काय, काम काय, घर कोणाचं, आणि शेवटचा रकाना मॅमनी हट्टाने घालायला लावलेला: येत्या बारा महिन्यांत या घरात कोणी येणार आहे का, कोणी जाणार आहे का.

सगळ्यांनी फॉर्म भरून दिले. बेरीज आली एकसष्ट. ती खाली तय्यबचाचांना दाखवली (ते इमारतीचे नातूर, म्हणजे वॉचमन, प्लंबर आणि सगळंच) तर ते खुर्चीवरून पडायचेच बाकी होते.

“इकसठ? बेटी, इधर तैंतालीस आदमी है. कचरा मैं उठाता हूँ, मेरे को नहीं मालूम?”

म्हणून आज शनिवारी पुन्हा सगळी दारं.

“अगं, पुन्हा तू?” वासंती आंटींनी दार उघडलं. “आता काय, वजन पण लिहून घेणार का?”

“आंटी, तुम्ही सात जणं लिहिलीत.”

“मग? सातच आहोत. आम्ही दोघं, सासूबाई, सासरे, रुचिर, सूनबाई आणि आता छोटी.”

“पण इथे?”

“इथे होय...” त्यांनी मागे वळून हॉलकडे पाहिलं, जणू कोणी सोफ्याआड राहून गेलंय का ते बघत होत्या. “इथे आम्ही दोघंच. पण घरात किती असं तू विचारलंस ना? इथे किती असं कुठे विचारलंस?”

“चूक माझीच,” क्रिस्टीना म्हणाली आणि मॅमचा नियम सांगितला: आज रात्री जो या छपराखाली झोपणार, तो इथला. जो जिथे झोपतो, तिथे तो मोजायचा.

“मग माझ्या नवऱ्याला, अंबरीशला, अर्धा धर,” आंटी म्हणाल्या. “पंधरा दिवस साइटवर झोपतो.” आणि हसल्या, आणि हसता हसता तिच्या हातातला फॉर्म घेऊन त्यांनी स्वतःच सात खोडून दोन लिहिले, आणि मग त्या दोनवरून पेन पुन्हा एकदा फिरवलं, पुन्हा एकदा, दोन जाड होईपर्यंत.

सगळीकडे हेच. एकशे एकमध्ये सहाचे तीन झाले, तीनशे चारमध्ये पाचचा एक. सगळ्यांनी आपल्याबरोबर आपली तिकडची माणसं मोजली होती, आयांना, मुलांना, एका बाईंनी तर गेल्या मेमध्ये वारलेल्या सासऱ्यांनासुद्धा. कुणालाही आपण चुकलोय असं वाटत नव्हतं. शेवटच्या दाराशी बेरीज त्रेचाळीसला येऊन टेकली, आणि तय्यबचाचा जिंकले. खरं तर त्रेचाळीस नाही, बेचाळीसच झाली होती, आणि राहिलेला एक कोण हे शोधायला तिला जिन्यात पाच मिनिटं लागली. स्वतःच्या घरात तिने स्वतःला धरलंच नव्हतं. सर्व्हे करणारी बाहेर उभी असते ना... असं तिने स्वतःला समजावलं, आणि जिन्याच्या पायरीवर बसली, आणि मग तो तळाचा कागद आपोआपच वर आला.

पप्पांचं अक्षर. फ्लॅट तीनशे दोन. माणसं तीन. घर कंपनीचं. काम: स्टोअरकीपर. आणि शेवटच्या रकान्यात, जिथे बाकीच्यांनी ‘नाही’ किंवा ‘इन्शाल्ला नाही’ लिहिलं होतं, तिथे पप्पांनी पट्टीने बारीक रेघा मारून तीन खण केले होते, जसे ते गॅरेजच्या स्टोअरमध्ये ब्रेक पॅडचे आणि ऑइल फिल्टरचे करतात: एप्रिल. आउट दोन. बॅलन्स एक.

दोन म्हणजे मम्मी आणि मी. एवढं कळायला जिऑग्रफी लागत नाही. एप्रिल म्हणजे बारावी सुरू. बारावीला कोण शाळा बदलतं? हेड गर्लसाठी नाव द्यायचं ठरवलंय मी, अजून कुणाला सांगितलं नाही, पण ठरवलंय, भाषणसुद्धा अर्धं पाठ आहे... आणि गावी, वसईच्या शाळेत, माझ्या मराठीला पोरी हसतील, ‘मी गेली, मी आली’ करून दाखवतील, आणि पुन्हा मी जिन्याने उतरणारी होईन. सकाळपासून तिच्या डोक्यात मुद्दे तयार होत होते, एक, दोन, तीन, चार, पाच, डिबेटमध्ये असतात तसे, आणि प्रत्येक दाराशी हसताना आतून ती एकेक मुद्दा घासत होती. पप्पांनी हे बोलून का नाही सांगितलं? जेवताना, चर्चमधून येताना गाडीत, कितीतरी वेळा सांगता आलं असतं. पण पप्पा बोलत नाहीत. आणि छापील कागदावर खोटं लिहीतही नाहीत. एकदा विमानतळाच्या फॉर्मवर, सामानात खाद्यपदार्थ आहेत का, याला त्यांनी ‘होय, सुके बोंबील, दीड किलो’ असं लिहिलं होतं, आणि मम्मी घरी येईपर्यंत त्यांच्याशी बोलली नव्हती. कागदाने विचारलं की ते सांगतात. म्हणजे मी विचारलं नाही म्हणून... मी तर विचारलंच होतं, छापून, पंधरा प्रती काढून.

घरी येऊन तिने आलेख मांडला. वयाचे थर, डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. बेल्टन क्रीकचा आलेख वर रुंद, म्हाताऱ्यांनी भरलेला. आमच्या इमारतीत साठीच्या वर कोणीच नाही, एक चौकोनसुद्धा नाही, आणि अठरा ते बावीसची ओळ तर पूर्ण पांढरी, कारण बारावी झाली की सगळे जातात, माझा भाऊ डॅरेलसुद्धा गेलाच की. गेल्या आठवड्यात, फॉर्म वाटायच्या आधी अंदाजाने आलेख काढताना, हे सापडलं तेव्हा ती आनंदाने ओरडली होती, ‘मॅम, दोन्ही आलेख एकावर एक ठेवले तर ही एक ओळ सोडून पूर्ण गाव होतं!’ आणि मॅमनी वर्गासमोर शाबासकी दिली होती. आता ती त्या पांढऱ्या ओळीकडे बघत बसली. ओळ पांढरी असते म्हणजे तिथली माणसं दुसरीकडे कुठेतरी रंगवलेली असतात. हे तिला माहीत होतं. पण तिकडे ती कशी दिसतात?

अडीच वाजता किल्ली फिरली. मम्मी कुरुमच्या क्लिनिकमध्ये कामाला, ती सातला येणार. पप्पांनी बूट काढले, हात धुतले, खिडकी उघडली. फेब्रुवारीत उघडता येते.

“जेवलीस काय गं बाय?”

“नाही. तुमची वाट बघत होते.” आणि तिने फॉर्म टेबलावर ठेवला, सुलटा. पाचही मुद्दे जिभेवर तयार.

पप्पांनी तो बराच वेळ वाचला, जणू तो दुसऱ्याच कुणी भरला होता. “हां,” ते म्हणाले. “मम्मी बोलली, पोर वाचेल. मी बोललो, वाचू दे. खरं लिवायचं होतं ना?”

“नक्की आहे?”

“कंपनीने फॅमिली स्टेटस काढलं सगळ्यांचं, बायकापोरांचा व्हिसा, घर, सगळं बंद. फ्लॅट परत द्यायचा. मॅनेजरला बोललोय, हिची बारावी होऊ द्या, एक वर्ष. बघू बोलला. बघू म्हणजे काय ते तुला माहितीये.”

आता. मुद्दा क्रमांक एक. पण तिच्या तोंडून भलतंच निघालं:

“आणि तुम्ही कुठे झोपणार?”

पप्पांनी वर पाहिलं. हे त्यांना कोणी विचारलं नसावं.

“अझैबाला. कंपनीची खोली आहे. चौघं. आपल्या वसईचा मॅक्सवेल आहे ना, तो, रेहान, आणि एक नवा पोरगा. मॅक्सवेल जेवण बरं करतो.” मग, अगदी खूशखबर द्यावी तसे म्हणाले, “खिडकीची कॉट सीनियरला मिळते. पयल्यांदा आलो तवा सहा जणांत दाराजवळची होती माझी. कुणीपण रात्री ड्यूटीवरून आला की दार माझ्या डोक्यावर. तीन वर्षं. आता खिडकी.”

तीन वर्षं दाराजवळ. हे मला माहीत नव्हतं. सतरा वर्षांत कधी निघालंच नाही. तिने पेन्सिल उचलली, सवयीने, आणि विचारलं, रेहान किती वर्षांचा, आणि मॅक्सवेल, आणि तो नवा. आणि पप्पा सांगत गेले, एकतीस, चव्वेचाळीस, तेवीस, आणि त्या खोलीचा आलेख तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला: डाव्या बाजूला चार चौकोन, उजवी बाजू कोरी, आणि सगळ्यात वर, एकटे, अठ्ठावन्नचे पप्पा. सकाळपासून ती आउट दोनच वाचत होती. कितीदा तरी. त्याच्यापुढचा खण तिने पाहिला होता, पण वाचला नव्हता.

“मॅक्सवेल सुट्टीवर गेला की?” तिने विचारलं. “भात लावता येतो तुम्हाला?”

“येतो की.”

पप्पा खिडकीबाहेर बघत होते. येत नाही, हे तिला माहीत होतं. कुकरच्या शिट्ट्या ते मम्मीला फोन करून विचारतात. कागदावर विचारलं असतं तर ‘नाही’ असं लिहून दिलं असतं त्यांनी, पट्टीने रेघ मारून. म्हणून तिने कागदावर विचारलं नाही. मुद्दे आठवून पाहिले, तिसऱ्यापुढे जाईनात. वसईच्या पोरी, हेड गर्ल, बारावी, सगळं जागच्या जागी होतं, तितकंच मोठं, अजून तिचंच. फक्त ती त्याच्याकडे आता जरा लांबून बघत होती, आणि उद्या पहिल्या तासाला उभं राहून काय बोलायचं ते तिला सुचत नव्हतं, आणि या वर्षात पहिल्यांदाच, गप्प बसलेली असून मला लपल्यासारखं वाटत नव्हतं.

“पप्पा,” मी म्हटलं, “त्या दाराजवळच्या कॉटचं पुढे सांगा ना.”