दोन बाटल्यांमधला वेळ

"ओतिलिया, टाकीतलं पाणी दुधासारखं कसं झालं?"

"कसं झालं म्हणजे? मी सकाळचा डोस दिला."

"तो कॉफीच्या आधी दिलास. मी बघत होतो. कॉफीनंतर पुन्हा एक पडलाय."

"मग कॉफीनंतर कोणी दिला?" तिने खरोखरच विचारलं. तिच्या नवऱ्याने, एलादिओने, कपाळावर हात मारून घेतला.

पोन्से शहरातल्या त्या घरात सोफ्यापेक्षा जास्त जागा खाऱ्या पाण्याच्या टाकीने अडवली होती. टाकी ओतिलियाची. औषधांच्या दुकानात आयुष्य घालवलेल्या या बाईने अंगठ्याएवढ्या तुकड्यापासून जांभळं प्रवाळ चांगलं फ्लॉवरच्या गड्ड्याएवढं वाढवलं होतं. त्याला कॅल्शियम हवं आणि पाण्याचा अल्कधर्मी गुणही टिकायला हवा, म्हणून दोन बाटल्या. एक कॅल्शियमची, दुसरी सोड्याची. एक ओतल्यावर दुसरीसाठी बराच वेळ थांबायचं, नाहीतर दोन्हींचा चुना होऊन तळाशी बसतो. हे तिनेच त्याला शिकवलेलं. नियम ती आजही विसरली नव्हती. डोस दिल्याचं तेवढं विसरायची.

"एलादिओ, यंत्र बसव की!" शेजारची ब्रुनिल्दा खिडकीतून ओरडली. "औषध थेंब थेंब आपोआप पडतं म्हणे."

"वीज असते का इथे धड? बंद पडलेल्या यंत्राची आठवणही मग मीच ठेवायची!"

खरं कारण त्याने ब्रुनिल्दाला सांगितलं नाही. यंत्र आलं की ओतिलियाने सकाळी उठायचं कशासाठी?

पण प्रवाळाची टोकं पांढरी पडू लागली होती. असेच दुहेरी डोस पडत राहिले तर ते मरणार, हे त्याला दिसत होतं. तेव्हा त्याने दोन्ही बाटल्यांत साधं पाणी भरलं आणि खरी औषधं धुण्याच्या साबणामागे लपवली. तिने हवं तितक्या वेळा ओतावं. खरा डोस तो गुपचूप देणार होता.

दुसऱ्या दिवशी ओतिलियाने सोड्याची बाटली उघडली, एक थेंब बोटांवर घेऊन चोळला आणि त्याच्याकडे वळली.

"सोड्यासारखं बुळबुळीत नाहीये. पाणी आहे हे."

"असं कसं होईल?"

"म्हाताऱ्या, मला भातुकलीची भांडी देऊन बसवतोस?"

"मग काय करू? सांग ना! ते मरतंय तिकडे! मी दिवसभर तुझ्या हातांवर पहारा ठेवू?"

आवाज फारच चढला. खिडकीतली ब्रुनिल्दा निमूटपणे आत गेली. ओतिलियाने ओली बोटं झग्याला पुसली.

"ओरडू नकोस. खऱ्या बाटल्या आण," ती म्हणाली. "आणि यापुढे माझ्याशेजारी बस."

त्याने त्या आणल्या आणि टाकीसमोर दोन खुर्च्या मांडल्या. कॅल्शियम मोजून त्यानेच ओतलं, कारण मापावरच्या रेघा आज तिला नीट दिसेनात. मग दोघं वाट पाहत बसली.

"पहिली ओतली?" तिने विचारलं.

"ओतली."

एक लहान मासा प्रवाळाच्या फांद्यांतून बाहेर आला आणि परत आत शिरला.

"पहिली ओतली का रे?"

"ओतली गं बाई, ओतली!"

तिने टाकीच्या काचेवर बोट ठेवलं. मग त्याच्याकडे न बघता तिने विचारलं, "मीच ओतली ना?"

एलादिओने कॅल्शियमची बाटली तिच्याकडे सरकवली.

"तूच," तो म्हणाला. "दुसरीला अजून वेळ आहे. बस."