वाढलेल्या मेणबत्त्या

सोनियाताईला सप्तपदीच्या प्रत्येक पावलाशी एक सजवलेली मेणबत्ती हवी होती. कुठं बघितलं होतं, देव जाणे! म्हणून पडेगावच्या घरात मी गॅसवर मेण वितळवत बसले होते. सिल्लोडहून आलेली चतुराआत्या बाहेर साच्यांतून मेणबत्त्या काढून त्यांना मोती, टिकल्या चिकटवत होती.

"श्रेया, एक वाढली गं!" आत्या ओरडली. मग दर थोड्या वेळानं, "आणखी एक वाढली!"

जास्तीच्या होतायत म्हटल्यावर मी खूश. गॅस बंद केला आणि नाचतच बाहेर गेले. परातीत सगळ्या मेणबत्त्या मधोमध मोडून पडलेल्या!

"आत्या, मोडल्या म्हणून सांगायचं ना!"

"लग्नाच्या घरात मोडली म्हनू व्हय? फुटल्या बांगडीला बी आपन वाढली म्हनतो!"

मी कपाळावर हात मारला, तर कपाळालाही मेण लागलं. आमचा गोंधळ ऐकून बाहेर आलेली ताई पोट धरून हसत सुटली. हसता हसता तिनं एका मेणबत्तीचे दोन्ही तुकडे उचलले, वाती मोकळ्या करून पेटवले. दोन्ही झकास पेटले. म्हणजे आता प्रत्येक पावलाच्या दोन्ही बाजूंना उजेड!

आत्यानं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. "वाढल्या का नाय?"